मदत हवी आहे: पेशंटचं पोट फुगतंय, थकवा आहे, असेसमेंट शीट चुकली वाटतंय

नमस्कार. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सचं तिसरं वर्ष, मिरजेत फीमेल मेडिकल वॉर्डला पोस्टिंग चालू आहे. सोमवारी केस प्रेझेंटेशन आहे आणि माझी असेसमेंट शीट, म्हणजे पेशंटला बघून-विचारून केलेली नोंद, मलाच पटेनाशी झालीय.

पेशंट तासगावकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. द्राक्षबागेत विरळणीला जातात. दोन महिने पोट फुगतंय, अंगात त्राण नाही. गावात गॅसच्या गोळ्या झाल्या, ओवा-सोडा झाला. मीही पहिल्या दिवशी 'गॅसमुळे पोट फुगणे' लिहून मोकळी झाले.

काल स्पंजिंग करताना बघितलं, तर हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या आणि परकराची नाडी मात्र पुरत नव्हती, टोकाला सुतळी जोडलेली. कमरेवर नाडीचा लाल वळ. विचारलं तर म्हणाल्या, "पयलं नाडीला दोन गाठी मारून बी शेपूट उरायचं. आता दोन घास खाल्लं की प्वाट टच्च हुतंय बघ." रात्री लघवीला तीन-चारदा उठतात, हेही तेव्हाच कळलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा.

हात वाळतायत आणि पोट वाढतंय, याला गॅस कसं म्हणू? अडलंय ते असं:

पोटाचा घेर परवा संध्याकाळी जेवणानंतर ९४ सेंमी आला, काल सकाळी ९१. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "तीन सेंटिमीटर रात्रीत आटलं का गं?"

हिमोग्लोबिन ८.४ आहे. मग केअर प्लॅनमध्ये थकवा पहिला घेऊ की पोषण?

आणि पाळीबद्दल विचारायचंय, पण मुलगा कॉटजवळून हलत नाही.

प्रतिसाद (२२ वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर)

अगं, सोमवारची वाट कसली बघतेस? नाडीचं आत्ताच ड्युटी डॉक्टरांच्या कानावर घाल. पन्नाशीनंतर नव्यानं पोट फुगायला लागलं, दोन घासांत भरायला लागलं, की अंडाशय तपासल्याशिवाय गॅसवर सोडायचं नसतं. लिव्हर असेल, पोटाचा टीबी असेल, ते डॉक्टर बघतील. कारण लिहिणं आपलं काम नाही, दिसलं ते लिहिणं आपलं. 'गॅसमुळे' वर व्हाइटनर लावू नकोस. एक रेघ मार, सही-तारीख टाक, खाली नवी नोंद कर. नाडीचं वाक्य त्यांच्याच तोंडचं लिही.

घेर रोज सकाळी नाश्त्याआधी, लघवी झाल्यावर, उताणं झोपवून. टेप बेंबीवरून, श्वास सोडल्यावर वाचायची. टेप बसते तिथं दोन्ही कुशींना पेननं खूण कर, म्हणजे दुसऱ्या ड्युटीची मुलगी तिथंच लावेल. वजनही त्याच वेळी, त्याच काट्यावर. पण पोटात पाणी असेल तर काटा फसवतो, हातपाय किती वाळलेत तेही लिही.

प्रेझेंटेशनला क्रम विचारतातच: बघणं, ऐकणं, ठोकणं, मग दाबणं. आधी दाबलंस तर आतड्यांचे आवाज बदलतात. आमच्या बॅचच्या निम्म्या मुली इथंच पडल्या होत्या.

केअर प्लॅनचं म्हणशील तर आडवं झाल्यावर दम लागतो का? लागत असेल तर श्वास पहिला, मग पोषण. थकवा त्याच्यामागून येतो. मुलाला औषधं आणायला पाठव, पडदा ओढ आणि विचार.

धागाकर्ती

सांगितलं. डॉक्टरांनी कुशीवर वळवून पोट ठोकून बघितलं, आवाज बदलला, म्हणजे पोटात पाणी असावं. उद्या पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी आहे.

दमाचं विचारलं तर घरी महिनाभर भिंतीला टेकून झोपतायत. माझ्या शीटवर 'झोप: नॉर्मल' आहे. तिथंही रेघ मारली.

मुलगा चहाला गेल्यावर पडदा ओढला. पाळी जाऊन चार वर्षं झाली, पण गेल्या महिन्यात दोनदा डाग दिसला म्हणे. मग माझा हात धरून म्हणाल्या, "पोराला नगं सांगूस."

डॉक्टरांना सांगितलंय, शीटवरही लिहिलंय. पण ही शीट कॉटलाच टांगलेली असते आणि मुलगा शिकलेला आहे. अशी नोंद तुमच्याकडे कुठं ठेवतात?