वाट खराब झालीये हे येणाऱ्यांना दिसतच नाही का?

रानभटकी
नमस्कार मंडळी, दहा-बारा वर्षं मी जंगलातल्या एकाच पायवाटेवर दरवर्षी जाते. आधी एकामागोमाग एक असंच चालावं लागायचं, आता जीप जाईल एवढी रुंद झालीये, आणि चढावर एका झाडाची मुळं उघडी पडून बुटांनी घासून घासून पार गुळगुळीत झालीयेत. यावेळी बरोबर पाच-सहा नवीन जण होते, त्यांना विचारलं वाट कशी वाटली तर म्हणे मस्त, ऐसपैस आहे! एकीने त्या मुळांचे फोटो काढले, नैसर्गिक पायऱ्या म्हणून. पण वाटेत चिप्सचं एक रिकामं पाकीट होतं ते सगळ्यांना दिसलं आणि त्यावर अर्धा तास चर्चा. मला खरंच कळत नाहीये, लोकांना हे दिसत नाही की मीच जास्त विचार करतेय?

चिखलपाय
ताई, तुमचं काही चुकत नाहीये. पहिल्यांदा येणाऱ्याने आधीची वाट पाहिलेलीच नसते, त्यामुळे समोर जे आहे तेच त्याला मूळचं वाटतं. पाकीट कुणीतरी टाकलंय हे लगेच कळतं, राग येतो. माती गेली, गवत गेलं तर ते पावसानेच झालं असं धरून चालतात. जगभरच्या पाहण्यांमधे हेच येतं, कचरा आणि झाडांवर कोरलेली नावं आधी खटकतात, झाडोरा कमी झालेला बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. आणि लक्षात आलं तरी त्याचा त्रास होईलच असं नाही.

जुना वाटसरू
एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसते, चिखल. आणि खरी गोम तिथेच आहे. डबकं आलं की बूट खराब नको म्हणून माणूस कडेने जातो, कडेचं गवत आडवं होतं, खालची माती दाबून घट्ट होते, मग तिथे पाणी मुरत नाही आणि डबकं आणखी पसरतं. पुढचा माणूस त्याच्याही बाहेरून. कधी डबक्याजवळ वाकून बघा, कडेला बुटाएवढीच रुंद नवी पट्टी दिसेल, त्यात दोन-चार पिवळी पाती अजून उभी असतात. म्हणून चिखल असला तरी मधूनच जायचं, बूट धुता येतात. बाकी वाट उतारावर सरळ खाली काढली असेल तर पाणी तिचाच ओढा करतं, मग कितीही जपून चाला. वाट बांधणारे म्हणतात की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, म्हणजे पाणी वाट आडवी ओलांडून निघून जातं.

पानगळ
मग सरळ माणसंच कमी सोडा ना. निम्मी माणसं, निम्मं नुकसान.

चिखलपाय
@पानगळ तसं होत नाही हो. नव्या जागेवरची झाडं-गवत पहिल्या थोड्या वर्दळीतच बहुतेक मरतात, त्यानंतर कितीही माणसं आली तरी नुकसान त्या मानाने हळू वाढतं. त्यामुळे गर्दी निम्मी केली तरी मळलेली वाट लगेच भरून येत नाही, आणि तीच माणसं इकडेतिकडे पांगली तर दहा नव्या वाटा पडतात. मळलेल्या वाटेवरच सगळ्यांना ठेवणं जास्त कामाचं. अमेरिकेच्या वनखात्याने 1985 मधे एक पद्धत मांडली होती, त्यात किती माणसं हा प्रश्न बाजूला ठेवून किती बदल चालेल हे आधी ठरवतात, मग ठरलेल्या खुणा मोजत राहतात. पण किती चालेल हे लोकांनाही विचारायचं, आणि लोकांना तर ऐसपैस वाट आवडते! मला स्वतःला ही अडचण फार मोठी वाटते.

रानभटकी
चिखलाचं वाचून वाईट वाटलं कारण मीपण इतकी वर्षं कडेनेच जात आलेय. माझ्याकडे त्या मुळांपाशी काढलेले जुने फोटो आहेत, पुढच्या वेळी त्याच जागी उभं राहून परत काढते आणि टेप नेऊन रुंदीही मोजते. नवीन लोकांना चालायच्या आधीच जुना फोटो दाखवणार, मग बघू काय म्हणतात.