१९७१ च्या एमजीबी जीटीला पाच गिअर: फोर्ड, माझदा की ओव्हरड्राइव्ह?

कोव्हेंट्रीकर

नमस्कार. माझ्याकडे १९७१ साली इंग्लंडमधील अबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंजिन मूळचे १७९८ सीसीचे असून गिअरबॉक्सही मूळचाच, चार गिअरांचा आणि ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसलेला आहे. गावात गाडी फार गोड चालते, परंतु मोटरवेवर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत राहते आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे अशक्य होते. शिवाय सकाळी तेल थंड असताना दुसरा गिअर टाकला की खरखर होते.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: फोर्ड सिएराचा टाइप ९ हा पाच गिअरांचा गिअरबॉक्स, माझदा एमएक्स-५ चा पाच गिअरांचा गिअरबॉक्स, किंवा एमजीबीचाच ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स. गाडीचा पत्रा कापायचा नाही, एवढी एकच अट आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सल्ला द्यावा.

दातेरी चक्र

आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे, कारण बहुतेक जण या दोन्ही एकत्र करतात आणि मग एका तक्रारीचे औषध दुसरीसाठी विकत घेतात.

पहिली तक्रार फेऱ्यांची. आपल्या गाडीचे डिफरन्शियल (मागच्या आसातला दातेऱ्यांचा संच) ३.९०९ चे आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे ३.९०९ फेरे होतात, आणि चौथ्या गिअरला मिनिटाला १००० फेऱ्यांमागे सुमारे १७.९ मैलांचा वेग मिळतो. टाइप ९ चा पाचवा गिअर ०.८२ चा (गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ०.८२ फेरे), माझदाचा ०.८१४ चा, आणि आपल्या सालच्या एमजीबीला मिळणाऱ्या लेकॉक कंपनीच्या ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तरही ०.८२ च. म्हणजे ७० मैलांना फोर्ड आणि ओव्हरड्राइव्ह यांच्यासह सुमारे ३२०० फेरे आणि माझदासह ३१८०. हा फरक कानाला कळणारही नाही. केवळ मोटरवेवरच्या आवाजासाठी गिअरबॉक्स बदलणार असाल, तर आधुनिक गिअरबॉक्स जुन्या ओव्हरड्राइव्हपेक्षा काहीही अधिक देत नाही. उलट तेव्हाचा ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरवरही लागतो, त्यामुळे घाटात तो पाचव्या गिअरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दुसरी तक्रार खरखरीची. ती झिजलेल्या सिंक्रो रिंगची (गिअर टाकताना दातेऱ्यांचे वेग जुळवणारी कडी) असू शकते, किंवा क्लच पूर्ण सुटत नसल्याचीही असू शकते. गाडी उभी असताना क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तेव्हाही खरखर झाली, तर दोष क्लचकडे किंवा त्याच्या हायड्रॉलिककडे आहे आणि कोणताही नवा गिअरबॉक्स तो दुरुस्त करणार नाही. गिअरबॉक्समध्ये कोणते तेल आहे तेही पाहा. एमजीबीच्या गिअरबॉक्सला २०डब्ल्यू-५० हे इंजिनचेच तेल लागते; कुणी तरी जाड गिअर ऑइल भरले असेल, तर थंडीत सिंक्रो नीट काम करणार नाही.

मागचा आसच बदलण्याचा एक मार्गही सुचवला जातो. जीटी व्ही८ च्या ३.०७ च्या डिफरन्शियलने ७० मैलांना ३०७० फेरे मिळतील, पण पहिला गिअरही त्याच प्रमाणात लांबेल आणि चढावर गाडी उठवताना क्लच जळेल. मी तो मार्ग घेणार नाही.

सातारी, सध्या ब्रिस्टल

मी माझ्या १९६९ च्या रोडस्टरला टाइप ९ बसवला आणि सहा वर्षे वापरला. त्याचे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे कवच) सुटे असते, म्हणून छोट्या गाड्या बांधणाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय झाला. केटरहॅम या छोट्या ब्रिटिश कार कंपनीनेही तो वापरला आहे. ताकदीचा प्रश्नच नाही, कारण हाच गिअरबॉक्स कॅप्री २.८ च्या व्ही६ मागे काम करत होता.

दातेरी चक्र यांनी पाचव्या गिअरचा हिशेब दिला आहे. मी खालच्या गिअरांचा देतो, कारण रोजचा अनुभव तिथेच ठरतो. चार सिलिंडरच्या फोर्डसाठीच्या टाइप ९ चा पहिला गिअर ३.६५ आणि दुसरा १.९७ आहे. आपल्या मूळ गिअरबॉक्सचे आकडे ३.४४ आणि २.१७ आहेत. म्हणजे पहिला गिअर अधिकच आखूड, आणि त्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे धपकन खाली येतात. व्ही६ च्या गिअरबॉक्सचा पहिला ३.३६ आणि दुसरा १.८१ आहे; सुरुवात बरी होते, परंतु दरी तेवढीच राहते. माझदाचा पहिला ३.१३६, दुसरा १.८८८ आणि तिसरा १.३३ आहे, आणि ही पायरी कितीतरी समजूतदार आहे. पहिल्या एमएक्स-५ ला १.६ इंजिनाबरोबर ४.३ चे डिफरन्शियल होते, म्हणून आपल्या ३.९०९ वर माझदाचा पहिला गिअर किंचित लांब वाटेल. एमजीबीचे इंजिन खालच्या फेऱ्यांत चांगले ओढते, त्यामुळे तेवढे चालून जाते.

माझदाच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेते पटकन सांगत नाहीत. मूळ गाडीत त्या गिअरबॉक्सचे मागचे टोक एका लांब चौकटीने थेट डिफरन्शियलला जोडलेले असते, त्यामुळे त्याला नेहमीसारखे मागचे माउंटिंग नसते. संचामध्ये मागचा आधार कसा दिला आहे ते चित्रात पाहून मगच पैसे द्यावेत. जुना गिअरबॉक्स घेतलात, तर गिअर लिव्हरखालच्या खोबणीतले तेल आणि रबरी बूट बदलायला विसरू नका; त्या तेलाचा मुख्य गिअरबॉक्सच्या तेलाशी संबंध नसतो.

टाइप ९ सिएराबरोबर १९८२ मध्ये आला. आपण ज्याला आधुनिक म्हणतो आहोत तो गिअरबॉक्सही आता चाळिशी ओलांडून गेला आहे.

निवृत्त यंत्रज्ञ, चिंचवड

मी एमजीबी कधी चालवलेली नाही, मात्र गिअरबॉक्सच्या जुळणी विभागात तीस वर्षे काढली आहेत. वरच्या चर्चेत जे आले नाही तेवढेच लिहितो.

एका कंपनीचे इंजिन आणि दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये आपण बेलहाउसिंग किंवा अडॅप्टर प्लेट घालतो, तेव्हा क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत येतील याची हमी कोणीही देत नाही. प्रत्येक जोडाची चूक पुढच्या जोडाच्या चुकीत मिसळते. पुण्यातील एका ओळखीच्या गॅरेजमध्ये अशीच एक जुनी गाडी माझ्या देखरेखीखाली झाली आणि मीच ही तपासणी घाईत सोडून दिली. तीन हजार किलोमीटरच्या आत क्रँकच्या टोकाची, इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारी स्पिगॉट बुश एका बाजूने खाल्ली गेली, क्लच सुटेनासा झाला, आणि सगळ्यांनी दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला दिला.

तपासणी सोपी आहे. क्लच बसवण्याआधी फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँडने डायल गेज लावावे, बेलहाउसिंग इंजिनला पूर्ण आवळावे, गेजचे टोक गिअरबॉक्स ज्या गोल भोकात बसतो त्याच्या आतल्या कडेवर टेकवावी आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा. सुईचा एकूण फरक हा मध्याच्या खऱ्या फरकाच्या दुप्पट असतो, हे विसरून पुष्कळ जण घाबरतात. खरा फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत असेल, तर पुढे जावे. जास्त असेल, तर विकेंद्री डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या, मध्य बाजूला असलेल्या खिळ्या) घालून बेलहाउसिंग सरकवावे लागते. बोल्टांच्या भोकांत असलेल्या ढिलाईवर विसंबू नये.

प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी बदलणारच, तेव्हा तो बॅलन्स करून घ्यावा. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर असावेत, एकाच सरळ रेषेत नव्हे. युनिव्हर्सल जॉइंटला अंश-दोन अंशांचा कोन हवाच, नाहीतर त्यातल्या बेअरिंगच्या बारीक सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. मोबाइलमधील कोनमापकाने हे मोजता येते, मात्र गाडी चाकांवर उभी असावी, जॅकवर नव्हे.

आणखी एक. एमजीबीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. इंजिनासकट वर काढावा लागतो, असे इथल्या एका मालकाने सांगितले. तसे असेल तर क्लचचा बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) कायम ठेवणारा संच घ्यावा. इनपुट शाफ्टभोवती बसणारा हायड्रॉलिक बेअरिंग दिसायला नीटस असतो, पण गळू लागला की इंजिन पुन्हा बाहेर.

कोव्हेंट्रीकर

सर्वांचे मनापासून आभार. रिव्हर्सची चाचणी केली. खरखर झाली नाही, म्हणजे क्लच ठीक आहे. मात्र गिअरबॉक्समधून निघालेले तेल जाड आणि गंधकाच्या वासाचे होते. २०डब्ल्यू-५० भरल्यावर खरखर निम्म्याने कमी झाली, पूर्ण गेली नाही, तेव्हा सिंक्रो थोडी झिजलेली असणारच.

आता मन माझदाकडून ओव्हरड्राइव्हकडे झुकले आहे. तो याच गाडीसाठी कारखान्यातून मिळत असे, त्यामुळे पत्रा कापावा लागणार नाही, आणि दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोही नव्या मिळतील. दोन प्रश्न राहिले. विमा कंपनीला कळवावे का? आणि स्पीडोमीटर चुकेल का?

सातारी, सध्या ब्रिस्टल

विमा कंपनीला लेखी कळवावेच, मग बदल मूळ सुट्या भागांचा का असेना. ओव्हरड्राइव्ह वायरिंगसकट घ्यावा. तो लागत नाही असे वाटते तेव्हा दोष बहुधा सोलेनॉइड (विजेने चालणारी झडप) किंवा स्विचचा असतो, आतल्या यंत्रणेचा नव्हे. काढलेला चार गिअरांचा गिअरबॉक्स विकू नका, तेल भरून कोपऱ्यात ठेवा.

दातेरी चक्र

स्पीडोमीटर चुकू शकतो. स्मिथ्स कंपनीच्या स्पीडोमीटरच्या डायलवर बारीक अक्षरांत १२८० किंवा १००० असा आकडा दिसेल. केबलचे एका मैलाला किती फेरे व्हावेत, तो हा आकडा. नवा गिअरबॉक्स बसल्यावर केबल डायलपासून सोडवा, तिच्या आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा चिकटवा आणि गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये १६ मीटर ९ सेंटीमीटर ढकला. हा मैलाचा शंभरावा भाग आहे, म्हणून झेंड्याच्या फेऱ्यांना शंभरने गुणले की आपला आकडा मिळेल. १२८० साठी १२.८ फेरे यायला हवेत. तसे आले नाहीत, तर मोजलेला आकडा लिहून स्पीडोमीटर मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवा. ढकलायला दोन माणसे बोलवा, मोजणारा आत बसू द्या, आणि टायरमध्ये हवा नेहमीचीच ठेवा.