माटोळीच्या फोटोंसाठी जुना खिशातला कॅमेरा: सेल, कार्ड आणि जवळचे फोटो

वाळवंटीकाठ (साखळी)

नमस्कार. घरात कॅननचा पॉवरशॉट ए४८० आहे. २००९ सालचं मॉडेल, १० मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालतो, शर्टाच्या खिशात मावतो. दिरांनी हौसेनं घेतला होता. पुढे सगळ्यांच्या हाती फोन आले आणि कॅमेरा कपाटात गेला. मला तो पुन्हा चालता करायचा आहे. कशासाठी ते आधी सांगते.

चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधून टांगतात ती माटोळी. आमच्याकडे तिचं सामान सासरे अजून स्वतः रानातून आणतात. कांगलां, घागऱ्या, करमलं, कवंडळं, आंबाडे. कुठली वेल कुठल्या बांधावर चढलेली आहे हे त्यांच्या डोक्यात असतं. सासूबाईंना प्रत्येकाचं नाव आणि उपयोग माहीत. या दोघांच्या पाठीमागे घरात हे कोणालाच येत नाही, मलाही नाही. म्हणून यंदा प्रत्येक वस्तूचा फळ, पान, फूल आणि जागा असा फोटो काढून वही करायची ठरवली आहे. सासऱ्यांबरोबर रानात मुलगी आणि पुतण्या जातात, म्हणजे फोटो तेच काढणार. त्यांच्या हाती फोन द्यायचा नाही, कारण फोन दिला की मान खाली जाते ती वर येतच नाही. कॅमेऱ्यात फोटो काढण्याखेरीज काही करताच येत नाही, मला हेच हवं आहे.

अडचणी अशा. नवे सेल घातले तरी थोडे फोटो झाले की बॅटरी बदला म्हणतो. जुनं २ जीबीचं कार्ड चालतं, पण दुकानदाराने दिलेलं नवं ६४ जीबीचं घातलं की कार्ड एरर येते. आणि जवळून काढलेले फोटो सगळे अंधुक, कांगल्याच्या झुबक्यात एक दाणा स्पष्ट नाही. वर टांगलेल्या माटोळीचा फोटो तर काळाच येतो. हाच कॅमेरा सुधारून वापरावा की चार-पाच हजारांत दुसरा बघावा?

अंत्रुजकर (फोंडा)

ताई, दुसरा घेऊ नका. तुम्हाला दिवसाउजेडी, हाताच्या अंतरावरच्या वस्तूंचे फोटो हवे आहेत आणि त्या कामाला ए४८० चांगला आहे. शिवाय जुन्या खिशातल्या कॅमेऱ्यांना आता तरुण मुलांत मागणी आली आहे, त्यामुळे वापरलेल्या मालाचे भाव वाजवी राहिलेले नाहीत. मी बरीच वर्षं लग्नं-मुंजीचे फोटो काढले, असले छोटे कॅमेरे दुरुस्तही केले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सेल. घड्याळात घालायचे साधे झिंक-कार्बनचे स्वस्त सेल या कॅमेऱ्याला चालतच नाहीत. लेन्स बाहेर येताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो. त्या क्षणी साध्या सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली बसतो आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपला. तोच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घाला, महिनोन्‌महिने चालेल. अल्कलाइन बरे, पण खरं उत्तर म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर १.५. आकडा कमी दिसतो म्हणून लोक घेत नाहीत, पण हे सेल भार आला तरी दाब धरून ठेवतात आणि एका चार्जमध्ये अल्कलाइनच्या साधारण दुप्पट फोटो निघतात. त्यातही पडून राहिले तरी चार्ज टिकवणारा प्रकार घ्या. २००५ मध्ये सान्योने एनेलूप नावाने तो आणला, आता इतरांचेही मिळतात. चार सेल आणि एक चार्जर, म्हणजे दोन कॅमेऱ्यात आणि दोन मुलांच्या पिशवीत.

सेल घालण्यापूर्वी आतले धातूचे पत्रे बघा. कपाटात सेल आतच राहिले असतील तर हिरवट-पांढरी भुकटी धरलेली असते. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा बाहेर येतो तो क्षार, म्हणून त्यावर आंबट लागतं. कान साफ करायच्या काडीला पांढरं विनेगर अगदी थोडं लावून पुसा, मग कोरड्या काडीने पुसा, आणि झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या. घरचं माडाचं विनेगर नको, त्यात गाळ असतो. भुकटी नसेल तर नुसत्या खोडरबराने पत्रे घासले तरी फरक पडतो.

कार्डाचं म्हणाल तर कार्ड खराब नाही. ४ ते ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी जातीची, त्यावरची एसडीएक्ससी. तुमच्या कॅमेऱ्याला दुसरी जात वाचता येत नाही. दुकानात ते बदलून १६ जीबीचं घ्या, कार्डावर एचसी ही अक्षरं बघूनच. घातल्यावर कॅमेऱ्यातच एकदा फॉरमॅट करा. आणि कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो खाली सरकला की कार्ड लॉक होतं आणि फोटो साठवलेच जात नाहीत. मुलांच्या हाताळण्यात हे हमखास होतं, त्यांना आधीच दाखवून ठेवा.

बार्देशी (म्हापसा)

मी फोनच्या बाजूने बोलतो. टांगलेल्या माटोळीचा फोटो घरातल्या उजेडात घ्यायचा तर आजचा साधा फोनही या कॅमेऱ्यापेक्षा पुढे आहे. फोन एका दाबात अनेक फोटो घेऊन एकत्र करतो, ए४८०ला ते येत नाही, आणि त्याच्यात हात हलण्यावरचा उपायही नाही. तो एक फोटो मोठ्यांपैकी कोणीतरी फोनवर काढावा. बाकी मुलांच्या हाती कॅमेरा देण्याचं मला पटलं. आमच्याकडे शिगम्याला पोरं फोन घेऊन रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, शिरतात आणि सगळा वेळ स्क्रीनकडे.

अंत्रुजकर (फोंडा)

भाई, बरोबर. फक्त एवढं की कॅमेऱ्यानेही जमतं. माटोळी वर आणि मागे खिडकी, म्हणून कॅमेरा खिडकीचा उजेड धरतो आणि सामान काळं पडतं. खिडकी बंद करा किंवा तिच्याकडे पाठ करून उभे राहा. फ्लॅश बंद, प्रोग्रॅम मोडवर आयएसओ (कॅमेरा उजेड किती तीव्रतेने टिपतो तो आकडा) ८० किंवा १००, कॅमेरा उंच स्टुलावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्काही जातो. फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरच्या पलीकडे पोचत नाही, वर टांगलेल्या सामानाला तो सारखा लागत नाही.

रानवाट (वाळपई)

ताई, मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांकडून पावसाळी झाडांच्या नोंदी करून घेते. तुमच्या कामाबद्दल वाचून फार बरं वाटलं. जवळच्या फोटोंवर लिहिते, कारण सगळी वही त्यावर उभी राहणार आहे.

कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असलेलं बटण आहे, ते मॅक्रो. ते लावल्याशिवाय जवळचं काही धरतच नाही. लावल्यावर तुमचा कॅमेरा वस्तूच्या एक सेंटीमीटर जवळ जाऊ शकतो, पण झूम अजिबात न करता. मुलं हमखास झूम करून जवळ आणू बघतात आणि तिथेच फोटो अंधुक होतो. झूम पूर्ण मागे, आणि पाय पुढे. मग बटण अर्धं दाबायचं, दोनदा टिक टिक वाजून हिरवी चौकट येईपर्यंत थांबायचं, आणि तसंच पुढे पूर्ण दाबायचं. पिवळं दिसलं तर सोडून थोडं मागे सरकायचं. माझ्या मुलांना हे अर्धं दाबणं शिकायला एक सकाळ लागते, पण एकदा बोटाला कळलं की विसरत नाहीत. फार जवळ गेलात तर लेन्सची सावली फळावर पडते, म्हणून एक सेंटीमीटरचा हट्ट नको, दहा-पंधरा पुरे. कांगल्याचा झुबका तेवढ्यावरून दाणा न्‌ दाणा दिसतो.

फ्लॅश जवळच्या फोटोला नको. पान तेलकट चमकतं आणि शिरा पुसल्या जातात. उन्हातही नको, कवंडळासारखं लाल फळ उन्हात नुसता लाल ठिपका होतो. सकाळी अंगणात सावलीच्या बाजूला पांढरं कापड पसरा, शेजारी शाळेची पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल.

आणि काय काढायचं हे मुलांना पक्कं सांगा. नुसतं फळ पुरत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान देठाला कसं लागलं आहे ते, आणि वेल असेल तर ती कशाला धरून चढते तो ताणा. आमच्या गावातली एक आजी मुलांचे फोटो बघून म्हणाली होती, "पान दिसना जाल्यार फळ वळखप कशें?" (पान दिसलं नाही तर फळ ओळखायचं कसं?) तेव्हापासून पानाचे दोन फोटो हा आमचा नियम आहे.

फोटोंची नावं नंतर लावू म्हटलं की राहतं. कॅमेरा फोटोला नुसता आकडा देतो. म्हणून आधी चिठ्ठीवर नाव, जागा आणि कोणी ओळखलं ते लिहून चिठ्ठीचा फोटो, मग त्या वस्तूचे. पुढच्या चिठ्ठीपर्यंतचे सगळे फोटो त्याच वस्तूचे. सेल बराच काळ बाहेर राहिले की कॅमेऱ्याची तारीखही जाते, निघण्यापूर्वी ती बघून घ्या.

वाळवंटीकाठ (साखळी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र्यांवर खरंच हिरवं धरलं होतं, काल पुसून काढलं. रिचार्जेबल सेल म्हापशाहून मागवले, कार्ड दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिलं. मुलीने आज अंगणात आंबाड्याचा फोटो काढला, त्यात सालीवरचे ठिपकेसुद्धा दिसतात. सासूबाईंनी तो मोठा करून बघितला आणि लगेच आंबाड्याच्या कोवळ्या आणि जून फळाचा वेगळा फोटो काढायला सांगितला, म्हणजे वही आता त्यांचीही झाली. चिठ्ठीची पद्धत सासऱ्यांना फार आवडली, चिठ्ठ्या तेच लिहिणार आहेत.

आता विचारायचं ते पावसाचं. ही मंडळी रानात भिजतच येतात. आणि कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पाकिटाला बुरशी आली होती, कॅमेऱ्याला येईल का?

अंत्रुजकर (फोंडा)

येईल. आपल्याकडे पावसात हवेतला ओलावा बुरशीला हवा तेवढा असतो आणि ती लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. एवढ्या स्वस्त कॅमेऱ्याची लेन्स उघडून साफ करणं परवडत नाही, तेव्हा ती येऊच नये. चामड्याचं पाकीट ओल धरतं, ते टाकून द्या. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा त्यात. रंग बदलणारे केशरी दाणे मिळतात, हिरवे पडले की ओल भरली. मंद आचेवर गरम केले की पुन्हा केशरी होतात, पण त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नका. निळे दाणे नकोत, त्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि घरात मुलं आहेत. तांदळात कॅमेरा पुरायची पद्धत वाईट, भुसा लेन्सच्या फटीत जातो. चवथ झाली तरी डबा विसरू नका, आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून चालवा.

रानात झिप लावायची पिशवी, आत कोरडा रुमाल. भिजला तर चालू करू नका, सेल आणि कार्ड काढा आणि पंख्याखाली ठेवा. लेन्स बाहेर असताना तिच्यावर थेंब पडला तर आधी टिपा, मगच बंद करा, नाहीतर आत जाताना पाणी घेऊन जाते.

रानवाट (वाळपई)

कवंडळाचं फूल राहिलं तर बघा. ते पांढरं, कडेला झालरीसारख्या दोऱ्या असलेलं, आणि अंधार पडल्यावर उमलतं. सकाळी गेलात तर कोमेजलेलं मिळेल. तेवढ्यासाठी संध्याकाळी वेलीपाशी मोठ्या माणसाबरोबर जा, फ्लॅश न वापरता एकाने बाजूने बॅटरीचा उजेड धरायचा, बॅटरीवर पातळ पांढरा रुमाल बांधून. कॅमेरा काठीला टेकवून दोन सेकंदांचा टायमर. फूल मिळालं तर इथे नक्की टाका, आमच्या मुलांना दाखवायचं आहे.