मदत हवी आहे: रविवारी मुलांच्या फुटबॉल मॅचला रेफ्री करायचंय, हँडबॉल आणि ऑफसाइड नीट कळत नाही

सुदामानगर_बाबा (इंदूर), बुधवार रात्री १०:४०

रविवारी सकाळी सातला मॅच आहे आणि रेफ्री मी आहे. कोच सरांनी पालकांच्या ग्रुपवर विचारलं, कोणी पुढे आलं नाही, मी हो म्हटलं. दोन रविवार निभावले, परवाचा मात्र फसला. एका मुलाच्या हाताला बॉल लागला, मी शिट्टी दिली नाही, तर एक आई थेट मैदानात आल्या. पलीकडून दोन बाबा ओरडत आले. चार-पाच मिनिटं खेळ बंद. मुलं उभी राहून आम्हा मोठ्यांकडे बघत होती, ते मला फार लागलं.

एवढंच सांगा: हँडबॉल कधी द्यायचा आणि लाइन्समन नसताना ऑफसाइड कसा बघायचा? यूट्यूबवर सगळे मोठ्यांच्या मॅचचे व्हिडिओ आहेत. लवकर सांगा, मध्ये तीनच दिवस आहेत.

महूकर, १०:५२
मुलं किती वर्षांची? किती-किती जणांच्या टीम? मैदान केवढं?

सुदामानगर_बाबा, १०:५८
वयाचा काय संबंध? हँडबॉल तो हँडबॉलच ना? दहाच्या आतली आहेत. सात-सात जण.

जुना_पंच, ११:१५
वयाचाच संबंध आहे भाऊ. पूर्ण अकराच्या नियमांत लहान मुलांसाठी मैदान, बॉल, वेळ, गोलपोस्ट, बदली खेळाडू हे सगळं बदलायची परवानगी नियमपुस्तकातच आहे. सात-सातच्या खेळात कित्येक ठिकाणी ऑफसाइड ठेवतच नाहीत. तुमच्या स्पर्धेचा नियमांचा कागद काय म्हणतो?

सुदामानगर_बाबा, ११:२१
कागद वगैरे काही नाही. सर म्हणाले, नॉर्मल नियम.

जुना_पंच, ११:४४
मग पहिलं काम ते. उद्याच सरांना फोन करून विचारा: ऑफसाइड आहे की नाही, हाफ किती मिनिटांचा, बदली झालेला मुलगा परत आत येऊ शकतो का, थ्रो-इन चुकला तर पुन्हा टाकू द्यायचा का. उत्तरं ग्रुपवर टाकायला लावा. पालकांची निम्मी भांडणं आदल्या दिवशीच मिटतात.

ऑफसाइड असेलच तर एवढं लक्षात ठेवा. समोरच्यांच्या अर्ध्यात बॉलच्या आणि (गोलकीपर धरून) त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे, गोलच्या जास्त जवळ उभ्या मुलाकडे पास गेला, तर तो ऑफसाइड. स्वतःच्या अर्ध्यात मुलगा ऑफसाइड नसतो. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर थेट त्याच्याकडे आला तर ऑफसाइड नाही. बॉल पास होतो त्या क्षणी तो कुठे होता ते बघायचं, बॉल पोचतो तेव्हा नव्हे. नुसता उभा असेल आणि खेळात आला नाही, तर गुन्हा नाही. एकट्या रेफ्रीला सगळं दिसणार नाही, म्हणून बॉलच्या मागे धावू नका. त्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत थोडं बाजूला राहायला शिका. शंका असली तर खेळू द्या.

हँडबॉलचं उद्या लिहितो, डोळे मिटायला लागलेत.

आई_डॉक्टर (तिलकनगर), गुरुवार सकाळी ७:१०
हँडबॉलपेक्षा महत्त्वाचं विचारते. दहाच्या आतली मुलं डोक्याने बॉल मारतात का? अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग करू नका असं ठरवलं. डोक्याला डोकं लागलं तर खेळ लगेच थांबवा. मूल रडायचं थांबलं, ‘ठीक आहे’ म्हणालं, तरी त्या दिवशी परत आत पाठवू नका. चक्कर, उलटी, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर थेट हॉस्पिटल.

महूकर, ७:४८
ताई, आम्ही छावणीच्या मैदानावर डोक्याने खेळूनच मोठे झालो. प्रत्येक गोष्टीला बंदी घातली तर मुलं खेळणार काय?

आई_डॉक्टर, ८:०२
दादा, मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान नाजूक. आपण वाचलो, म्हणून सगळे वाचतात असं नाही. मी ओपीडीत बसते, तिथे आलेली मुलं पाहिलेली आहेत.

सुदामानगर_बाबा, ८:३०
हेडिंगचं ताईंचं पटलं, सरांना विचारतो. पण माझा प्रश्न हँडबॉलचा होता.

शिट्टीवाला, ९:१५
आधी चांगली शिट्टी घ्या. वाटाणा (आत फिरणारी छोटी गोळी) असलेली ओली झाली की अडकते. फॉक्स फोर्टी कंपनीच्या शिट्टीत वाटाणा नाही, आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो. आणि पिवळं-लाल कार्ड खिशात ठेवा. १९७० च्या वर्ल्ड कपपासून कार्डं आहेत, पालकांवरही वचक बसतो.

जुना_पंच, ९:५०
दहा वर्षांच्या मुलाला लाल कार्ड दाखवू नका, विनंती आहे. बोलवा, वाकून त्याच्या उंचीला या, हळू सांगा. फारच झालं तर सरांना सांगून दोन मिनिटं बाहेर बसवा, नियमपुस्तक मुलांच्या खेळात तसं करायला परवानगी देतं. शिट्टीचं मात्र बरोबर आहे.

आता हँडबॉल. हाताला बॉल लागला म्हणजे हँडबॉल, हे नव्वद टक्के पालकांना वाटतं आणि ते चुकीचं आहे. मुद्दाम हात बॉलकडे नेला तर गुन्हा. हात असा पसरला की शरीर विनाकारण मोठं झालं, तर गुन्हा. आणि ज्याने गोल मारला त्याच्याच हाताला लागून बॉल थेट आत गेला तर, चुकून का होईना, गोल नाही. बाकी बॉल जवळून आपटून अंगाला चिकटलेल्या हाताला लागला तर खेळ चालू. खांदा हात धरत नाहीत, बगलेच्या रेषेखालचा भाग तेवढा हात. छोटी मुलं बॉल तोंडावर येताना घाबरून हात वर घेतात. नियमाने तो गुन्हा ठरू शकतो, पण मी सरांशी आधीच बोलून ठेवतो, की हात अंगाला धरून केलेल्या बचावाला मी हँडबॉल देत नाही.

आता सांगा, परवाचा प्रसंग नेमका काय? कोपर कुठे होतं?

सुदामानगर_बाबा, १०:२०
कोपर बरगडीला लागून. बॉल समोरच्या मुलाच्या पायाला आपटून दोन हातांवरून आला.

जुना_पंच, १०:२६
मग तुमचा निर्णय बरोबर होता. हँडबॉल नव्हताच.

महूकर, १०:३५
बरोबर होता तर त्या आई मैदानात का आल्या? काहीतरी गाळलंय तुम्ही.

सुदामानगर_बाबा, ११:४०
सांगतो. ज्याच्या हाताला लागला तो माझा मुलगा. स्कोअर १-१ होता. त्याने स्वतःच हात वर केला होता, लागल्याचं सांगायला. माझं लक्ष बॉलवर, मला दिसलं नाही. मी ‘खेळा, खेळा’ म्हटलं आणि त्याच हल्ल्यात आमच्या टीमने गोल केला. त्या आईंनी त्याचा वर झालेला हात पाहिला होता. त्यांना वाटलं, बाप आहे म्हणून देत नाही. घरी आल्यापासून तो फुटबॉलबद्दल बोलत नाही. काल झोपताना म्हणाला, ‘बाबा, मी हात वर केला होता.’ त्यावर मला काय बोलावं ते सुचलं नाही.

हे आधी लिहिलं नाही, कारण त्याने नियम बदलत नाही असं वाटलं.

आई_डॉक्टर, दुपारी १२:०५
नियम बदलत नाही, पण सगळं बदलतं. आपल्या मुलाच्या मॅचला आपण शिट्टी धरू नये. तुम्ही कितीही सरळ असलात तरी त्याला मैदानात एक बाप आणि एक पंच दोन्ही सांभाळावे लागतात.

जुना_पंच, १२:३०
दोन गोष्टी. एक, खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत रेफ्री निर्णय बदलू शकतो. गोल झाल्यावर, सेंटरवरून सुरुवात होण्यापूर्वी, तुम्ही मुलाला जवळ बोलावून विचारू शकत होतात. पुढे लक्षात ठेवा. दोन, मुलाला आज रात्री सांगा की तू हात वर केलास ते योग्य केलंस, आणि नियमाने तो गुन्हा नव्हता. दोन्ही एकत्र खरं आहे. हात कसा होता ते उभं राहून करून दाखवा, बॉल घेऊन. मुलांना हातवाऱ्याने कळतं.

शिट्टीवाला, १२:४१
दादा, चिमणबागेत एकदा मीही माझ्या भाच्याच्या मॅचला उभा राहिलो होतो. ताईंचं खरं आहे, जमत नाही.

सुदामानगर_बाबा, १२:५५
पण दुसरं कोणी तयारच नाही. रविवारी सेमीफायनल आहेत, माझ्या मुलाची सातला, दुसरी आठला.

आई_डॉक्टर, १:१०
आठच्या मॅचमध्ये त्या आईंचं मूल आहे का?

सुदामानगर_बाबा, १:१४
हो, त्यांची मुलगी.

आई_डॉक्टर, १:२०
मग त्यांनाच फोन करा. तुमच्या मुलाची त्या घेतील, त्यांच्या मुलीची तुम्ही घ्या. ज्यांना मैदानात यायचंच आहे, त्यांच्या हातात शिट्टी द्या.

महूकर, १:३३
त्या अजून रागावलेल्या असतील, मी पैजेवर सांगतो नाही म्हणतील.

सुदामानगर_बाबा, शनिवार संध्याकाळी ६:१५
सर्वांना धन्यवाद. सरांनी ग्रुपवर नियम टाकले: ऑफसाइड नाही, हाफ १५ मिनिटांचा, बदली मुलगा परत येऊ शकतो, थ्रो-इन एकदा पुन्हा टाकू द्यायचा, हेडिंग नाही. पालकांनी फक्कीच्या रेषेपासून दोन पावलं मागे बसायचं.

गुरुवारी रात्री मुलाला बॉल देऊन उभं केलं, मी लाथ मारली, त्याने कोपर बरगडीला लावून धरलं. चार वेळा करायला लावलं त्याने मला. नंतर म्हणाला, मग मी हात वर करायला नको होता का? मी म्हटलं, करायलाच हवा होता. मग विषय सोडून पोहे खायला बसला.

त्या आईंना फोन केला. आधी गप्प होत्या, मग म्हणाल्या, मला शिट्टी धरायची सवय नाही. मी म्हटलं, मलाही नव्हती. तयार झाल्या. उद्या पावणेसातला भेटतोय, मैदान बघायला. काळ्या मातीला कोपऱ्यात भेगा पडल्यात, तिथे मुलांचे पाय अडकतात.

त्यांनी विचारलंय, मॅचआधी मुलांचं नक्की काय-काय तपासायचं?

जुना_पंच, ६:४०
शिनगार्ड (नडगीवर बांधायचं कवच) मोज्याखाली. अंगठी, कडं, कानातली, गळ्यातली साखळी, सगळं काढायचं. टेप लावून चालत नाही. मुली रडतात, आदल्या रात्रीच घरी निरोप द्या.

नवीन_सदस्य_पालक, ७:०२
माफ करा, विषय वेगळा आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलीला गोलकीपरचे ग्लोव्ह्ज इंदूरात कुठे मिळतील?