मदत हवी आहे: सेकंडहँड फेंडर जॅझ बास खरा की नकली?

घाईतला_बासिस्ट
फेंडर कंपनीचा जॅझ बास (बास गिटार) सेकंडहँड मिळतोय. 48 हजार सांगितलेत, 45 पर्यंत येईल. सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहिला, खरा निघाला. तरी बँडमधला एक जण म्हणतो नकली असणार. विकणारा उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहे, आणखी दोघं बघून गेलेत म्हणे. कसं ओळखायचं ते पटकन सांगा. वाजवता येतं, त्यामुळे 'आधी शिका' वगैरे नको.

खर्ज_सप्तक
कुठला जॅझ? अमेरिकन, मेक्सिकन की जपानी? कुठल्या सालचा? सिरीयलची सुरुवातीची अक्षरं आणि पुढचे दोन आकडे सांगा. पूर्ण नंबर इथे टाकू नका.
आणि वेबसाइटवर नंबर सापडला याचा अर्थ इतकाच, की त्या नंबरचा एक बास कधीतरी कारखान्यातून बाहेर पडला. तो तुमच्यासमोर ठेवलेलाच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. नकली बनवणारे खऱ्या जाहिरातींच्या फोटोंमधूनच नंबर उचलतात आणि तोच अनेक हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाचा, खुंट्यांचा भाग) छापतात.

दक्खनी_वाद्य
45 हजारांत थोडे पैसे उरवून नवा यामाहा टीआरबीएक्स 304 येईल, वॉरंटीसकट. सेकंडहँडच्या भानगडीत पडायचंच कशाला?

घाईतला_बासिस्ट
@दक्खनी_वाद्य, यामाहा विचारलेला नाही. मला जॅझचाच आवाज हवाय.
@खर्ज_सप्तक, एमएक्स19 ने सुरू होतो. सनबर्स्ट रंग, रोजवूडचा फिंगरबोर्ड. बाकी सगळं व्यवस्थित दिसतंय.

खर्ज_सप्तक
इथेच थांबा. एमएक्स19 म्हणजे 2019 चा, मेक्सिकोतल्या एन्सेनाडा कारखान्याचा. त्या साली त्या किमतीचा जॅझ म्हणजे फेंडरची प्लेयर मालिका. ती 2018 मध्ये आली तेव्हा फिंगरबोर्ड पाव फेरो किंवा मेपल असायचा, रोजवूड नव्हे. 2017 च्या सुरुवातीला रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली, म्हणून कंपनीने लाकूड बदललं. रोजवूड परत आलं ते 2024 च्या प्लेयर टू मध्ये. तेव्हा एकतर विकणाऱ्याला लाकडातलं कळत नाही, किंवा त्या नंबरचं आणि त्या नेकचं (मानेचं) नातं नाही.

नेक_पॉकेट
फोटोवरून लाकूड ठरवू नका. पाव फेरोला लेमन ऑइल चोळलं की ते चांगलंच काळपट दिसतं. कापूस पाण्यात बुडवून घट्ट पिळून पुसा आणि सुकल्यावर दिवसाच्या उजेडात बघा. पाव फेरो तांबूस तपकिरी, मधून गडद रेषा, छिद्रं बारीक आणि अंग गुळगुळीत. रोजवूडची छिद्रं मोठी असतात, नखाला खरखर लागते.
माझा संशय वेगळा आहे. अशा व्यवहारांत अख्खा नकली बास असण्यापेक्षा स्क्वायरवर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) फेंडरचं नाव चिकटवलेलं असणं सोपं. स्क्वायर क्लासिक व्हाइब 60s जॅझ हा फेंडरच्याच मालकीच्या ब्रँडचा, आकार तंतोतंत, घडणही चांगली. 2019 पासून त्याला इंडियन लॉरेलचा फिंगरबोर्ड येतो आणि तो लोकांना हमखास रोजवूड वाटतो. नेकच्या पाठीवरून अंगठा फिरवा: प्लेयरची पाठ सॅटिन, म्हणजे कोरडी, अंगठा सरकतो. क्लासिक व्हाइबची पाठ पिवळसर आणि चकचकीत, अंगठा अडतो.

ढोलकी_ते_ड्रम
सोपी युक्ती: हेडस्टॉकवरच्या लोगोवर नख फिरवा. कड लागली तर नकली. संपला विषय.

खर्ज_सप्तक
संपत नाही. पन्नाशीच्या दशकातल्या आणि साठीच्या सुरुवातीच्या अस्सल फेंडरवर लोगो लॅकरच्या वरच लावलेला असे, तिथे कड लागणारच. उलट नकली करणारा लोगो लावून वरून क्लिअर कोट मारतो, मग नखाला काहीच लागत नाही. नख फिरवून दोन्हीकडून फसाल.

ढोलकी_ते_ड्रम
इथे 2019 चा बास आहे, पन्नाशीचा नाही.

नेक_पॉकेट
तरी नखापेक्षा टॉर्च बरा. मोबाइलचा टॉर्च हेडस्टॉकला जवळजवळ समांतर धरा, आधी पुढून आणि मग पाठीमागून. प्लेयरमध्ये सिरीयल आणि 'मेड इन मेक्सिको' पाठीमागे असतं. स्क्वायरचं नाव आणि नंबर घासून काढला असेल तर त्या जागी चमक बदलते, पृष्ठभाग किंचित खोलगट दिसतो किंवा घासल्याच्या बारीक गोल रेषा दिसतात. हे तुम्ही पाच मिनिटांत पाहू शकता आणि विकणारा नाही म्हणू शकत नाही.

घाईतला_बासिस्ट
बरं. आणखी काय न्यायचं बरोबर?

नेक_पॉकेट
दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, व्हर्निअर, मल्टिमीटर, बासची केबल.

आधी व्हर्निअर. नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी 38 मि.मी., बॉडीची जाडी 44 ते 45. जाडी 40 च्या आसपास भरली तर बॉडी स्क्वायर ॲफिनिटीची समजा. क्लासिक व्हाइब मात्र जाडीत सापडत नाही. पिकअपच्या कव्हरची लांबी मोजा: नेककडचं साधारण 92, ब्रिजकडचं 95. दोन्ही सारखे असतील तर स्वस्त कॉपी किंवा बदललेले पिकअप. (नव्वदच्या दशकातल्या मेक्सिकन स्टँडर्डमध्ये दोन्ही सारखेच येत, पण 2019 ला ते कारण चालणार नाही.)

मग मल्टिमीटर 20 किलोओहमवर. केबल बासमध्ये खोचून दुसऱ्या टोकाच्या टिप (अगदी टोक) आणि स्लीव्हला (मागचा दांडा) प्रोब लावा. टोन पूर्ण उघडा. एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्य: 7 ते 8 च्या आसपास. दोन्ही पूर्ण: त्याच्या साधारण निम्मं, कारण पिकअप समांतर जोडलेले असतात. आकडा याच्या जवळपासही नसेल तर आतलं वायरिंग किंवा पिकअप मूळचे नाहीत.

शेवटी नेक, खरं उत्तर तिथेच मिळतं. आधी तारा पूर्ण सैल करा. ताणलेल्या तारांवर स्क्रू काढले तर शेवटचा स्क्रू निघताना नेक उचकटतो आणि पॉकेटच्या (बॉडीत नेक बसतो त्या खाचेच्या) कडेचा रंग उडतो. चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने. आता हीलवरचे (नेकच्या बुंध्यावरचे) आणि पॉकेटमधले शिक्के, स्टिकर, तारखा बघा. नेक आणि बॉडीच्या तारखांत थोडं अंतर चालतं, वर्षांचं नाही. पिकअपच्या खाली किंवा स्क्रूच्या भोकात कोरं लाकूड दिसेल: प्लेयरची बॉडी आल्डर, फिकट तपकिरी. हिरवट झाक दिसली तर पॉप्लर, आणि क्लासिक व्हाइब पॉप्लरचाच असतो.

हडसनकाठी
न्यू जर्सीहून. इकडे रिकनबॅकरचे नकली जास्त त्रास देतात. त्यांचा 4003 बास फक्त कॅलिफोर्नियात सांता आना इथे बनतो आणि नेक बॉडीतून आरपार गेलेला असतो. पाठीमागे चार स्क्रूंची प्लेट दिसली तर तो 4003 नाही. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 422 मि.मी. भरायला हवं, कारण स्केल (तारेची वाजणारी लांबी) सव्वातेहतीस इंच आणि बारावा फ्रेट त्याच्या निम्म्यावर. 432 भरलं तर स्केल 34 इंची, म्हणजे नकली. फेंडरपेक्षा हे ओळखणं फार सोपं.

घाईतला_बासिस्ट
रिकनबॅकर नाहीये हो. आणि पॉटवरचा (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागावरचा) 137 आकडा बघायचा असतो ना?

खर्ज_सप्तक
137 हा सीटीएस कंपनीचा कोड. जुन्या अमेरिकन बाससाठी पुढच्या आकड्यांवरून साल आणि आठवडा काढता येतो. तुमच्यासाठी निरुपयोगी. पॉट बदलणं किरकोळ काम आहे. नवा पॉट म्हणजे नकली बास नव्हे, आणि सीटीएसचा पॉट म्हणजे अस्सल बासही नव्हे.

वकीलसाहेब_ठाणे
ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 103 आणि 104. खोटं चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं, दोन्हींना 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. पण कलम 115 मुळे जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. म्हणून ग्राहकाने फसवणुकीची तक्रार करावी: भारतीय न्याय संहिता, कलम 318. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब 1930 (सायबर हेल्पलाइन).

दक्खनी_वाद्य
अजून घेतलेलाच नाही हो त्यांनी.

घाईतला_बासिस्ट
जाऊन आलो. पाठ चकचकीत, अंगठा अडतो. टॉर्च आडवा धरल्यावर सिरीयलच्या जागी निस्तेज चौकोन. नेक उघडू का विचारलं तर 'सेटअप बिघडेल' म्हणाला. नाही घेतला.

नेक_पॉकेट
बरोबर केलंत. नेक काढून परत बसवला तर तारा सुरात लावून ॲक्शन (तारांची उंची) थोडी तपासावी लागते, एवढंच. खरा बास असणारा माणूस त्यासाठी 45 हजारांचं गिऱ्हाईक सोडत नाही.
आता जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू त्यात याव्यात, आणि 'नकली वस्तू' या कारणाने रिपोर्ट करा. शहरातल्या संगीतवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाका, माणसाचं नाव-नंबर नको. विकणाऱ्यालाही स्पष्ट लिहा: फेंडरचं नाव काढून, स्क्वायर म्हणून, स्क्वायरच्या भावात विका, गिऱ्हाईक मिळेल. त्यालाही कुणीतरी फेंडर म्हणूनच विकलेला असू शकतो. नाव तसंच राहिलं तर पुढचा माणूस तो आणखी महाग घेईल.

खर्ज_सप्तक
आणि तुम्ही स्वतः कधी बास विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत सिरीयलचे शेवटचे तीन आकडे झाका, हील आणि पॉकेटचे फोटो मात्र नक्की टाका. पूर्ण नंबर समोर येऊन बघणाऱ्याला दाखवा.

नवा_सभासद
मेपल फिंगरबोर्डचा 2019 चा प्लेयर बघतोय. लाकडाची खूण तर इथे चालणार नाही. मग?

नेक_पॉकेट
फिंगरबोर्डचा पुढचा भाग चकचकीत आणि पाठ सॅटिन, असा फरक हाताला लागायला हवा. फ्रेट 20. बाकी हील, पॉकेट, टॉर्च तेच. विकणारा कुठल्या शहरात आहे आणि नेक उघडू देतोय का, ते आधी सांगा.