पत्त्यातला पाडा

बी-३०२: नमस्कार. गेटवर नवीन पाटी लागली. पत्त्यातून 'मानपाडा' गायब, नुसतं 'घोडबंदर रोड, ठाणे'. कोणाला विचारून?

ए-७०३: काका, परत तेच? मागच्या सभेत विषय झालाय. पाडा म्हटलं की लोकांना झोपडपट्टी वाटते. फ्लॅट विकायला काढाल तेव्हा कळेल.

सी-१०४: पाटीचा खर्च कोणी मंजूर केला?

बी-३०२: सभेत रंगाचं ठरलं, नावाचं नाही. इतिवृत्त काढा. आणि पाडा म्हणजे मुख्य गावापासून बाजूला, शेताला धरून वसलेली थोडी घरं. संस्कृत 'पाटक', म्हणजे गावाचा एक भाग, त्यावरून आलेला शब्द.

डी-५०१: बंगालीतही हाच. माझी बहीण कोलकात्याला असते, आमच्या पाड्याची दुर्गापूजा म्हणून कौतुकाने फोटो पाठवते.

ए-२०१: मला वाटलं पाडा म्हणजे बिल्डिंग पाडा 😂 बिल्डर खूश

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला 🙏

सी-१०४: विषयाला धरूनच विचारतोय. पाटीचा खर्च कोणी मंजूर केला?

बी-६०४: आमच्या राजापूरकडे पाडा नाही, वाडी. वरची वाडी, मधली वाडी, सुतारवाडी. नारळी-पोफळीची बाग तीही वाडीच, मूळ 'वाटिका'. गिरगावात खोताची वाडी आहे, फणसवाडी आहे. तिथले भाव विचारून या म्हणावं.

ए-७०३: वाडीचं वेगळं आहे. आणि वस्त्यांची जुनी नावं बदला असं सरकारनेच २०२० मध्ये सांगितलंय ना?

डी-५०१: साहेब, अर्धवट सांगू नका. डिसेंबर २०२० चा तो निर्णय जातीवाचक नावांसाठी होता. महारवाडा, मांगवाडा ही नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी द्यायची. माझं माहेर अशाच एका वाड्यातलं. शाळेच्या फॉर्मवर तो पत्ता लिहिताना हात थांबायचा. ते नाव जायलाच हवं होतं. पाडा शब्दात कुठली जात आहे?

ए-७०३: ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं. गैरसमज नको.

ए-२०१: टँकर आला का?

सेक्रेटरी: टँकर ४ वाजता.

बी-३०२: वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे पार जव्हार-मोखाड्यापर्यंत आहेत. आपल्या डोक्यावर येऊरच्या जंगलातही आहेत. आपले टॉवर मागाहून आले. बसथांब्यावर मानपाडा लिहिलंय. ७०३, रात्री रिक्षावाल्याला काय सांगता हो तुम्ही?

ए-७०३: मानपाडाच सांगतो. रिक्षा आणि पाटी यांत फरक असतो काका.

बी-६०४: काय फरक?

सी-१०४: खर्च ???

सेक्रेटरी: खर्च कमिटीने केला, बिल संध्याकाळी टाकतो. पेंटर रविवारी येतोय. 'मानपाडा' घालून घेऊ. कोणाची हरकत?

ए-७०३: घाला. पण खाली, छोट्या अक्षरांत.

डी-५०१: एकाच आकारात.