जलपर्णी काढली, पण फॉस्फरस कुठे गेला?

एकांनी लिहिलंय की दर उन्हाळ्यात जलपर्णी काढली की मुळा-मुठा स्वच्छ होते. अर्धंच पटलं. जलपर्णी हा रोग नाही, ताप आहे. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, त्यावर ती माजते.

दोघांत फरकही आहे. नायट्रोजनला सुटायला वाट आहे: तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नाही तिथे, काही जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. फॉस्फरसला ती सोय नाही, तो जवळजवळ सगळा पाण्यात, गाळात नाहीतर एखाद्या जिवाच्या अंगात. मोरोक्कोच्या खडकातून खतात, खतातून गव्हात, गव्हातून आपल्या पोळीत आणि तिथून (पुढचं सांगायला नकोच) मुठेत. मग भीमेतून उजनीत.

आता काढलेल्या जलपर्णीचं काय होतं ते बघा. मागे संगमाजवळ काठावरच तिचे ढीग पाहिले होते. वरून वाळलेले, पण काठीने उचकटलं तर आत काळा लगदा आणि खालून चहासारखं पाणी परत नदीकडे ओघळत होतं. जे काढलं तेच परत आत! हिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून वाहून न्यायला कोणी राजी नसतं हे कळतं. पण काठापासून लांब नेऊन, चार दिवस सुकवून, शेण मिसळून खत केलं तरच तो फॉस्फरस पुन्हा शेतात पोचेल. फक्त कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं तिथली घेऊ नका, ती जड धातूही शोषते.